डोंगराच्या सातबाऱ्याविषयी

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

खासगी जंगल राखण्यासाठी अमेरिकेत सरकार मालकाला पैसे देते, हे मी मागच्या रविवारी फोनवर सांगितले, तेव्हा बाबांनी विचारले की, ज्याचे जंगल त्याच्याच मालकीचे राहणार असेल, आणि लाकूड विकून पैसाही तोच कमावणार असेल, तर सरकारने त्याला जनतेच्या तिजोरीतून पैसे का द्यावेत? प्रश्न रास्त आहे आणि फोनवर मला त्याचे उत्तर नीट देता आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. आपल्या डोंगरातली उभी झाडे व्यापाऱ्याला द्यावीत की नाही, हा तुमचा निर्णय अजून व्हायचा आहे, हेही पत्र लिहिण्याचे कारण आहेच.

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून पिट्सबर्ग नावाचे गाव आहे. कनेक्टिकट नदी तिथल्या तळ्यांमधून उगम पावते. त्या परिसरातले सुमारे १,७१,००० एकर जंगल इंटरनॅशनल पेपर या कंपनीने २००१ च्या सुमारास विकायला काढले. मेपल, बर्च, स्प्रूस आणि फर यांचे ते जंगल पिढ्यान्‌पिढ्या तोडले गेले आणि पुन्हा वाढले. तोडणारे, ट्रक चालवणारे, गिरणीत काम करणारे, शिकारी, मासे पकडायला येणारे, असे कितीतरी लोक त्यावर जगत होते. भीती तोडीची नव्हतीच. भीती ही होती की तळ्याकाठचे तुकडे पडतील, बंगल्यांचे प्लॉट होतील, आणि एकदा रस्ते व कुंपणे आली की ते पुन्हा जंगल होणार नाही.

त्यावर जो मार्ग निघाला तो बाबांना चटकन समजेल, कारण त्यांची सगळी नोकरी सातबाऱ्यावर नोंदी करण्यात गेली आहे. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात एखादा बोजा चढला की जमीन कितीही वेळा विकली तरी तो जसा नव्या मालकाकडे जातो, तसाच एक कायमचा करार त्या जमिनीवर चढवण्यात आला. मालकाने जमीन विकावी, वारसांना द्यावी, ठरलेल्या व्यवस्थापन आराखड्यानुसार लाकूडही तोडावे, पण प्लॉट पाडण्याचा हक्क त्याने कायमचा सोडून दिला आहे. मूल्यांकन करणारा जमिनीची किंमत दोनदा काढतो, एकदा सर्व हक्कांसह आणि एकदा हा हक्क वजा करून. या दोन किमतींतला फरक म्हणजेच त्या हक्काची किंमत. बाबा, सरकार पैसे देते ते या हक्काचे. ती मदत नाही, खरेदी आहे. त्या जंगलापैकी सुमारे १,४६,००० एकर असे करारात बांधले गेले, जवळपास २५,००० एकर राज्याने स्वतःकडे घेतले, आणि २००३ मध्ये व्यवहार पूर्ण झाला.

यासाठीची अमेरिकेची केंद्रीय योजना तिथल्या १९९० च्या शेती कायद्यातून आली. केंद्र सरकार खर्चाच्या जास्तीत जास्त ७५ टक्के देते, उरलेला भाग राज्य, स्थानिक संस्था किंवा देणगीदार उभा करतात. केंद्राचा पैसा ज्या निधीतून येतो तो मुख्यतः समुद्रातल्या तेल-वायूच्या उत्पन्नातून भरला जातो, आणि २०२० च्या कायद्याने त्या निधीला दरवर्षी ९० कोटी डॉलर कायमचे ठरवून दिले. अर्थात या योजनेला त्यातला एक वाटाच मिळतो.

सगळे सुरळीत आहे असेही नाही. २०२२ मध्ये हे जंगल कार्बन क्रेडिटचा, म्हणजे झाडे उभी ठेवून त्यांनी साठवलेल्या कार्बनचे पैसे मिळवण्याचा, व्यवसाय करणाऱ्या नव्या मालकाकडे गेले, आणि आता पूर्वीइतके लाकूड निघणार नाही ही तिथल्या गावांची भीती आहे, कारण तोडलेल्या लाकडाच्या किमतीवर १० टक्के कर गावाला मिळतो. तोड थांबली तर गावाचे नुकसान होते, हे आपल्याकडच्या पर्यावरणाच्या चर्चेत फारसे कुणी बोलत नाही. मला ते फार महत्त्वाचे वाटते.

आपल्याकडे १९७५ च्या कायद्याने खासगी वने सरकारकडे घेतली गेली आणि त्याचे वाद महसूल खात्यात बाबांनी स्वतः पाहिले. मालकाकडे जंगल ठेवून त्याला ते राखण्याचा मोबदला द्यावा, हा विचार तेव्हा कुणी केला असता तर कोकणातल्या मालकाला ‘घेतील त्याआधी तोडा’ असे वाटले नसते. मी हे जबाबदारीने लिहीत आहे, कारण आपल्या आजोबांनी नेमक्या याच धास्तीने वरचा माळ साफ केला होता.

म्हणून माझी विनंती आहे की व्यापाऱ्याला सरसकट तोडीचा शब्द देऊ नये. तोड करूच नये असे मी म्हणत नाही, घराचे छप्पर आणि आईचे गुडघ्याचे ऑपरेशन यांना पैसा लागणार आहे. त्यातला माझा वाटा मी या महिन्यात पाठवते. खालच्या अंगाचे ऐन आणि किंजळ निवडून द्यावेत, पण वहाळाच्या दोन्ही काठांची झाडे आणि धनेश बसतात तो मोठा बेहडा ठेवावा. कोणती झाडे द्यायची त्यांवर मे महिन्यात मी आल्यावर आपण मिळून खुणा करू, आणि तोपर्यंत बाबांनी कुठल्याही कागदावर सही करू नये.

तुमची,
थोरली