धुराने फुलोरा वाचत नाही

महोदय,

हिमाचलात सफरचंदाच्या ऐन फुलोऱ्यात दव गोठल्याच्या बातमीसोबत ओला पाला जाळून धूर करणाऱ्या बागायतदारांचा फोटो आपण छापला. वाशीच्या फळबाजारात माझा गाळा आहे. फोटो पाहून बाजारात चर्चा झाली ती एवढीच, की यंदा पेटी कितीला जाणार! मला धुराबद्दल लिहायचे आहे.

वारा पडलेल्या, निरभ्र रात्री जमिनीतली उष्णता आकाशात निघून जाते. धुराचे कण इतके बारीक, की ते तिला फारसे अडवत नाहीत. उपयोग होतो तो धगीचा, आणि ओला पाला नुसता धुमसतो. एकच मोठा जाळ केला तरी गरम हवा सरळ वर जाते. त्यापेक्षा बागभर लहान लहान शेकोट्या बऱ्या.

खरा उपाय पाण्याचा. गोठताना पाणी दर ग्रॅमला 80 कॅलरी उष्णता सोडते. म्हणून तुषार संच चालू असेल तर बर्फाच्या कवचातही फूल शून्य अंशाच्या आसपास टिकते. मात्र मध्येच वीज गेली, की बाष्पीभवनाने ते उलट जास्तच गारठते. डोंगरउतारावर एवढे पाणी आणायचे कुठून, हा प्रश्न आहेच. पण अनुदान द्यायचे तर साठवण तळ्यांना आणि पंपांना द्यावे. पूर्ण उमललेल्या फुलांपैकी उणे 2.2 अंशांना अर्ध्या तासात सुमारे दहा टक्के मरतात, उणे 3.9 ला नव्वद टक्के. इतक्या थोड्या अंतरावर हंगाम लटकलेला असतो. शिवाय फूल मेले तरी पाकळ्या पांढऱ्याशुभ्रच दिसतात. ब्लेडने फूल उभे चिरले की आतला काळा पडलेला गाभा कळतो.

यातून वाचलेल्या काही फळांभोवती खरखरीत तपकिरी पट्टा उठतो. गिऱ्हाईक त्याला रोग समजते आणि आम्ही व्यापारीही (खोटे कशाला बोला) भाव पाडायला ते निमित्त वापरतो. फळ आतून चांगले असते, बिनधास्त घ्यावे.

निफाडकडे थंडीत द्राक्षबागांतही असाच धूर होतो. तिथले जाणते बागायतदार पहाटे विहिरीचे पाणी ठिबकने सोडतात, कारण ते हवेपेक्षा उबदार असते. यंदा कडाका सुरू होण्याआधी आपल्या शेती पानावर याची माहिती द्यावी, ही विनंती.

– एक फळव्यापारी, वाशी, नवी मुंबई