सायकलवरची जुनी दिल्ली आणि सांगलीचं पोतं

प्रिय वैशे,

आधीच सांगते, हे लांबणार आहे, तेव्हा चहा टाक आणि मग वाचायला बस. खरं तर व्हॉइस नोट केली होती, चौदा मिनिटांची झाली आणि शेवटी शेवटी आईचा फोन आला नि सगळी उडाली, मग म्हटलं आता टाईपच करू.

तर शनिवारी पहाटे पाचला मी घरातून निघाले, सायकल चालवायला. हसू नको. मी, जिनं बारावीनंतर सायकलला हात लावला नाही, लिफ्ट बंद असली तर जी खाली सिक्युरिटीवाल्याशी गप्पा मारत थांबते, ती मी जानेवारीच्या धुक्यात जुन्या दिल्लीत सायकलवर. ऑफिसातल्या एकीनं ही टूर बुक केली होती, ती तापानं आडवी झाली, पैसे परत मिळणार नव्हते, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. तीन-साडेतीन तास फिरायचं, मध्ये मध्ये थांबून खायचं, गाईड बरोबर. नवरा म्हणाला खायचंच असेल तर नऊला आरामात रिक्षानं जा की. त्याला काय कळतंय.

तुला तर माहितीये, तीन वर्षं झाली इथं येऊन आणि माझी दिल्ली म्हणजे द्वारकेतलं घर, मेट्रो, ऑफिस, परत मेट्रो. जुनी दिल्ली म्हणजे पाहुणे आले की त्यांना दाखवून आणायची जागा, तेही दुपारी, गर्दीत, पर्स पोटाशी धरून. मला हे शहर कधी आवडलंच नाही, फोनवर किती वेळा रडलेय तुझ्यापाशी.

साडेसहाला दिल्ली गेटजवळ जमलो आम्ही आठ जण. त्यात एक डच आजी-आजोबा, सत्तरीच्या पुढचे, आणि सायकलवर असे टांग मारून बसले की मलाच लाज वाटली. गाईड पंचविशीतला पोरगा, बल्लीमारानमध्येच वाढलेला, मला दीदी दीदी करत होता. त्यानं सायकल दिली, पुढं बास्केट, सीट दगडासारखं. पोहणं आणि सायकल एकदा आली की विसरत नाही म्हणतात ना, ते खरंय, पण बूड मात्र सगळं विसरतं, दोन दिवस मी उशीवर बसून मीटिंगा केल्यात.

तुर्कमान गेटकडून आत शिरलो आणि अगं, हे तेच शहर आहे यावर विश्वास बसेना. सगळी शटरं खाली. सायकलरिक्षावाले आपल्याच रिक्षाच्या सीटवर पाय दुमडून, डोक्यावरून ब्लँकेट ओढून झोपलेले, कुत्री विझलेल्या शेकोटीच्या राखेत मुटकुळं करून पडलेली, वर वायरींचं जंजाळ आणि त्याच्याही वर कुठल्यातरी गच्चीवरून कबुतरांना शीळ घालणारा माणूस, तो दिसत नाही पण ऐकू येतो. रिक्षात बसलं की आपण फक्त बघतो, आणि चालत गेलं की गल्ली संपता संपत नाही. सायकलवर काय होतं, वास आधी येतो. कोळशाचा धूर, मग ओल्या पिठाचा, मग गटाराचा (तोही येतो, खोटं कशाला बोलू), आणि एका वळणावर एकदम मटणाचा, पहाटे सात वाजता!

ती निहारी. जामा मशिदीच्या समोरच्या मटिया महलच्या गल्लीत एका खोपटाएवढ्या दुकानात. ओट्यात पुरलेला भलामोठा देग, त्यात मटण रात्रभर मंद आचेवर शिजवत ठेवतात, तोंड कणकेनं लिंपून, आणि पहाटे उघडतात. गाईड म्हणाला नहार म्हणजे दिवस, त्यावरून निहारी, आणि उर्दूत रिकाम्या पोटी असण्याला निहार मुँह म्हणतात. मला वाटायचं हे नवाबी काहीतरी असणार, पण बाकावर बघितलं तर बहुतेक सगळे हमाल, हातगाडीवाले. थंडीत दिवसभर ओझी ओढायची तर पोटात असं काहीतरी जाड लागतं म्हणे, दुपारपर्यंत भूक नाही लागत. आणि ऐक, यातली भारी गोष्ट म्हणजे काही जुन्या दुकानांत कालची थोडी निहारी ठेवून आजच्या देगात घालतात, त्याला तार म्हणतात. म्हणजे विरजणच की गं! आपल्या आज्या वाटीभर दही बाजूला काढून ठेवायच्या तसं. वरून आल्याचे बारीक काप, हिरवी मिरची, लिंबू, आणि तंदूरमधून काढलेली जाड खमिरी रोटी. तांबड्या रश्श्यासारखी नाकातून पाणी काढत नाही ती, हळू चढते. मी चरबी बघून आधी जरा कचरले, मग वाटी पुसून खाल्ली. डच आजीनं नळी मागून घेतली आणि ठोकून ठोकून मगज काढला, मी मनातल्या मनात साष्टांग घातला तिला.

तिथून चावडी बाजार. हिंदीत चावड़ी बाज़ार अशी पाटी मी मेट्रोत रोज बघते आणि कधी डोक्यात प्रकाश पडला नाही. गाईड इंग्रजीत सांगायला लागला, की हा शब्द मराठी आहे असं म्हणतात, इथं पूर्वी लोक जमायचे, निवाडे व्हायचे, म्हणून... मी मध्येच ओरडले, चावडी! अरे आमच्याकडं गावागावात असते! बंगलोरचं एक जोडपं होतं ग्रुपमध्ये, ते दचकून माझ्याकडं बघायला लागलं.

चावडीपाशीच बेडमी पुरी खाल्ली. भिजवलेली उडदाची डाळ जाडसर वाटून, हिंग-बडीशेप घालून कणकेत भरतात, त्यामुळे ती आपल्या पुरीसारखी मऊ पडत नाही, कुरकुरीत आणि जरा खरखरीत लागते. बरोबर द्रोणात बटाट्याची पातळ भाजी, बटाटे हातानंच मोडलेले, कांदा-लसूण नाही पण हिंगाचा असला दणका की गल्लीच्या तोंडाशीच कळतं. आणि नंतर नागोरी, ती रव्याची छोटी पुरी, तिच्यात बोटानं भोक पाडून गरम हलवा भरायचा आणि वरून थोडी बटाट्याची भाजी, गोड-तिखट एकाच घासात. मला ते झेपलं नाही फारसं. पुरणपोळीवर कटाची आमटी ओतणाऱ्या तुझ्या सासऱ्यांना मात्र नक्की आवडेल.

पुढं नई सडकवर माझी चेन पडली. मागून हातगाडीवाला साइड साइड करून बोंबलतोय, गाईड पुढं निघून गेलेला, आणि मी काय केलं असेल? खाली बसले, एक काडी शोधली, खालच्या दात्यांवर चेन अडकवली आणि पेडल उलटं फिरवलं, बसली. सांगलीत हरिपूर रोडला चिंचांखाली तू शिकवलं होतंस ते, नववीत, आठवतंय? तेव्हा मी रडत होते नि तू शिव्या देत होतीस. गाईड धावत परत आला तोवर माझी बोटं काळी आणि मी पुन्हा सीटवर. दीदी आप तो प्रोफेशनल हो, म्हणाला. हातगाडीवाला पण हसला. ते काळं ग्रीस दिवसभर नखात होतं, मी मुद्दाम काढलं नाही.

आता मुख्य गोष्ट. खारी बावली. मसाल्याची एवढी मोठी घाऊक पेठ आशियात दुसरी नाही असं सांगतात, नाव पडलं ते खाऱ्या पाण्याच्या एका विहिरीवरून, जी आता दिसत पण नाही. सायकली कुलूप लावून बाजूला ठेवल्या आणि गडोदिया मार्केट नावाच्या जुन्या इमारतीत शिरलो. खाली चौक, चौकात पोती, आणि अंधाऱ्या जिन्यावरून पाठीवर पोतं घेतलेली माणसं वाकून चढतायत उतरतायत, आपण भिंतीला चिकटून उभं राहायचं. मिरचीचा खकाणा असा की आम्ही आठही जण खोकत खोकत गच्चीवर पोचलो, डोळ्यांतून पाणी. आणि जे तिथंच राहतात, तिथंच झोपतात ते हमाल गच्चीवर दात घासत आमच्याकडं बघून हसतायत. धुक्यात समोर फतेहपुरी मशिदीचा एकुलता घुमट तेवढा दिसत होता, खाली रस्त्यावर हातगाड्यांची रांग. ती मशीद १६५० ची, शहाजहानच्या एका बेगमेनं बांधलेली, आणि १८५७ नंतर इंग्रजांनी ती लिलावात काढून लाला चुन्नामल नावाच्या सावकाराला १९,००० रुपयांना विकली होती, १८७७ मध्ये परत मिळाली मुसलमानांना. मशीद विकली, कल्पना कर! पण त्या माणसानं ती पाडली नाही.

आणि मग खाली उतरताना, जिन्याच्या तोंडाशी, हळदीच्या पोत्यांची थप्पी. ठसा मारलेला, निळा, जरा फिसकटलेला: सांगली. वैशे, मी तिथंच थांबले. हात लावून बघितला. बाकीचे पुढं गेले. काय झालं मला सांगता येत नाही, पण मार्केट यार्डावरून शाळेत जाताना जो वास यायचा ना, आणि तुझे आजोबा हरिपूरच्या पेवाची गोष्ट सांगायचे, जमिनीत खोल खड्डे खणून त्यात हळद साठवायची, वरून लिंपून टाकायची, वर्षानुवर्षं किडत नाही, आणि पेव उघडलं की आतल्या कोंदट हवेनं माणूस गुदमरायचा म्हणून लगेच कुणाला उतरू द्यायचे नाहीत, ते सगळं एकदम आलं. मी तीन वर्षं इथं परकी परकी म्हणून कण्हतेय आणि हे पोतं माझ्या आधी येऊन इथं आरामात टेकून बसलंय. मी हमालाला म्हटलं भैया, ये मेरे गाँव का है. तो म्हणाला, तो उठा लो. एवढंच. आणि पोतं पाठीवर घेऊन गेला.

चांदनी चौकात आलो तेव्हा उजाडलं होतं. तिथं आता लाल किल्ल्याकडून फतेहपुरीपर्यंत सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारगाड्यांना बंदी आहे, २०२१ पासून, पण आम्ही नऊच्या आधी पोचलो त्यामुळे टेम्पो, स्कूटर, सगळे घाई करून घुसलेले, त्यात सायकल चालवणं म्हणजे जीव मुठीत. हा चौक शहाजहानच्या मुलीनं, जहाँआरानं आखलेला, मधून कालवा वाहायचा आणि त्याच्या हौदात चांदणं पडायचं म्हणून हे नाव. आता कालव्याच्या जागी दुभाजक आहे. असो.

किल्ल्यासमोर गाईडनं सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाला, दिवाण-ए-खासचं चांदीचं छत १७६० मध्ये मराठ्यांनी काढून वितळवलं. आठही हेल्मेटं माझ्याकडं वळली, जसं काही ते माझ्या बॅगेत आहे. मी म्हटलं अरे भाऊंचं सैन्य उपाशी होतं, पगार थकले होते, पुढं चार-सहा महिन्यांत पानिपत झालं. डच आजोबा फार गंभीरपणे म्हणाले, आय अंडरस्टँड. मग मला हसू आवरेना. पण त्यानंच पुढं गौरीशंकर मंदिर दाखवलं, तिथंच, लाल जैन मंदिराच्या शेजारी, ते म्हणे आपा गंगाधर नावाच्या मराठ्यांच्या पदरच्या माणसानं बांधलेलं, सालही १७६१ चंच सांगतात. झाली की नाही फिट्टंफाट.

दौलत की चाट राहिलीच. किनारी बाजाराच्या गल्लीत एक जण मोठ्या परातीवर मलमल झाकून बसला होता. दूध रात्री उघड्यावर थंडीत ठेवायचं, पहाटे घुसळायचं आणि नुसता वरचा फेस चमच्याचमच्यानं काढून परातीत रचत जायचा. वर केशर, बूरा साखर, खवा. फक्त थंडीत मिळते, ऊन चढलं की बसते. तोंडात घातली तर काही घातलंय असं वाटतच नाही, नुसता गारवा आणि गोड वास. मी तीन खाल्ल्या. चौथी तुझ्या नावानं.

तर मुद्दा असा की फेब्रुवारी संपायच्या आत ये. एकदा ऊन तापलं की ती मिळायची नाही. गोवा एक्सप्रेसचं तिकीट बघ, मिरजेहून थेट निजामुद्दीन, मी घ्यायला येते. पोरांना आईकडं ठेव, तिला मी फोन करते. सायकलीसाठी गाईडशी बोलून ठेवलंय, आपल्या दोघींच्याच, ग्रुप नको. येताना भडंग आण, दोन किलो, आणि हळद आणू नकोस, मी खारी बावलीतून अर्धा किलो घेतलीय, सांगलीचीच, दुकानदारानं शपथेवर सांगितलंय, तू आलीस की वास घेऊन सांग खरं बोलला की नाही ते.

तुझीच,
मुक्ती

ता. क. सीटसाठी जेलचं कव्हर मिळतं म्हणे. दोन मागवलीत.