आधी छत मोज, मग लिफ्ट बघ

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि गॅरेजचे फोटो मिळाले. टू-पोस्ट, म्हणजे दोन खांबांमध्ये गाडी उचलणारी लिफ्ट घ्यायची हे तू ठरवून टाकलंयस, मी फक्त कोणती ते सांगायचं, असा तुझा हुकूम. पण दुसऱ्या फोटोपाशी मी अडलो. छताखालून आडवे गेलेले ते दोन रूळ बघ. तुझं दार वर सरकतं आणि छताला समांतर जाऊन थांबतं. म्हणजे गाडी वर चढवलीस आणि दार उघडलंस की दार थेट टपावर. हे कॅटलॉगमधल्या चकचकीत फोटोंत कधी दिसत नाही, कारण तिथे छतच नसतं!

तू छताची उंची २.८ मीटर लिहिली आहेस. आता हिशोब कर. दीड मीटर उंचीच्या गाडीचा तळ जमिनीपासून साधारण वीतभर वर, म्हणजे तळापासून टपापर्यंत १.३ मीटर धर. खाली ताठ उभं राहायला तळ १.८ मीटरवर न्यायचा, तर टप गेला ३.१ वर. तुझ्या छतात भोकच पडेल. डोक्यावरून आडवा दांडा जाणारी टू-पोस्ट तर उभीच राहणार नाही, तिचे खांबच साडेतीन मीटरच्या आसपास असतात. दोन खांबांना जोडणाऱ्या तारा आणि नळी जमिनीवरच्या पत्र्याखालून नेणारी ठेंगणी जात मिळते, पण टपाला थोडी मोकळीक ठेवली तर गाडीचा तळ १.४ मीटरच्या वर जाणार नाही. आणि बॉनेट उघडं ठेवायचं असेल तर त्याहून कमी.

छतानंतर जमीन. इथे माझी फजिती सांगतो, इतके दिवस लाजेपोटी सांगितली नव्हती. माझी टू-पोस्ट बसवताना पहिल्याच अँकर बोल्टासाठी ड्रिल लावलं आणि सात सेंटिमीटरवर ते भस्सकन आत गेलं. खाली काँक्रीट नव्हतंच, नुसता भराव! पुस्तिकेत किमान दहा सेंटिमीटर सलग काँक्रीट मागितलं होतं, काही लिफ्टांना पंधराही लागतं. नुसती जाडी असून भागत नाही, काँक्रीट पुरेसं मजबूत हवं आणि बोल्टाजवळ तडा किंवा सांधा नको. वरच्या टाइल्स आणि मसाला त्या मापात धरायचे नाहीत. कारण असं, की गाडी खांबांतून बाहेर आलेल्या लिफ्टच्या हातांवर तोललेली असते, त्यामुळे खांब आतल्या बाजूला कलू पाहतो आणि बाहेरच्या बाजूचे बोल्ट उपटले जाऊ पाहतात. सगळी भिस्त त्या बोल्टांवर. शेवटी पुस्तिकेत दिलेल्या मापाचे दोन खड्डे कापले, नव्याने काँक्रीट भरलं आणि अठ्ठावीस दिवस हात चोळत बसलो. घरच्यांनी त्या खड्ड्यांत झाडं लावायचा सल्ला दिला होता.

फोर-पोस्टचं, म्हणजे चार खांबांच्या लिफ्टचं, तसं नाही. ती आपल्या पायांवर उभी राहते, बऱ्याच मॉडेलांना बोल्टही मारावे लागत नाहीत. एका गाडीवर दुसरी ठेवायची तर तिच्यासारखी सोय नाही, फक्त खालच्या गाडीवर तेल ठिबकू नये म्हणून मध्ये ट्रे हवा. पण गाडी तिच्यावर चाकांवरच उभी असते, त्यामुळे ब्रेक किंवा सस्पेन्शनला हात घालायचा तर लिफ्टच्याच रुळांवर सरकणारा वेगळा जॅक घ्यावा लागतो. आणि एकावर एक दोन गाड्यांना तीन मीटरहून जास्त उंची हवी, तेव्हा तुझ्यासाठी तो विषय इथेच मिटला.

आता खरं सांग, गेल्या पाच वर्षांत तू गिअरबॉक्स किती वेळा उतरवलास? मला आठवतं तो एकदाच, आणि तेव्हाही निम्मं काम मी केलं होतं. बाकी सगळं ऑइल, ब्रेक पॅड, टायर. एवढ्यासाठी माझं मत कमी उंचीच्या सिझर लिफ्टला, म्हणजे कात्रीसारख्या उघडणाऱ्या लिफ्टला. ती गाडी साधारण सव्वा मीटर उचलते. टप अडीच मीटरच्या थोडा वर जाईल. छत सुटलं, पण दाराचे रूळ कुठे येतात ते मात्र मोजून बघ. चाकं मोकळी लोंबतात, काम संपलं की जमिनीलगत दुमडते. उणीव एकच, पण मोठी: कात्रीचा सांगाडा नेमका गाडीच्या पोटाखाली येतो. मधल्या भागात हात घालायला जागा राहत नाही, आणि चाकांच्या स्टुलावर बसून वाकून काम करावं लागतं. ते सोसत असेल तरच घे.

कोणतीही घेतलीस तरी कागद तपास. युरोपात गाड्यांच्या लिफ्टसाठी ईएन १४९३ हे मानक आहे, अमेरिकेत एएलआय (ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूट) या संस्थेचं प्रमाणपत्र चालतं. वजनाची क्षमता तुझ्या सर्वात जड गाडीपेक्षा ऐसपैस हवी. आणि गाडी हायड्रॉलिकच्या भरवशावर टांगती ठेवून कधीही खाली शिरू नकोस. वर नेली की थोडी खाली उतरवून लॉकवर टेकवायची, दोन्ही बाजू टेकल्या का ते डोळ्यांनी पाहायचं. गाडीला खालून टेकणारे लिफ्टचे पॅड ठरलेल्या जागीच लागले पाहिजेत. चाकं जमीन सोडतात तिथेच थांबून गाडी हलवून बघायची. डुगडुगली तर खाली घेऊन पॅड पुन्हा लावायचे. माझ्या टू-पोस्टवर गिअरबॉक्स उतरवताना तोल सरकला होता आणि जड पडलेलं टोक आधाराशिवाय होतं. तेव्हापासून उंच स्टँड लावल्याशिवाय मी जड भाग सोडवत नाही.

रविवारी दार पूर्ण उघडून रुळांपासून जमिनीपर्यंतचं माप घे आणि कळव. काँक्रीटची जाडी बघायला फरशीला ड्रिल मात्र एकट्याने लावू नकोस. घर बांधणाऱ्याला विचार की स्लॅबमध्ये ताणून बसवलेल्या पोलादी तारा आहेत का. असतील तर तिथे भोक पाडायचंच नाही. नसतील तर मी येतो, लांब बिट घेऊन.

तुझाच,
भरावात ड्रिल घातलेला