आमवाताच्या रुग्णांना नुसती विश्रांती सांगू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या आरोग्य पुरवणीतील सांधेदुखीवरचा लेख वाचला आणि राहवले नाही म्हणून हे पत्र लिहीत आहे. आमवाताच्या रुग्णांनी चालणे व जिने चढणे शक्य तितके टाळावे आणि सांध्यांना पूर्ण विश्रांती द्यावी, असे त्यात ठामपणे सांगितले आहे. लेखकांचा हेतू चांगलाच असणार. परंतु आपले दैनिक बेळगावातल्या आमच्या वडगाव-शहापूर भागात घरोघरी वाचले जाते, छापून आलेला शब्द प्रमाण मानला जातो, आणि हा सल्ला मानून कितीतरी बायका उद्यापासून खाट धरतील, याची मला खरोखर काळजी वाटते.

लेखात गुडघ्यांची झीज आणि आमवात एकाच दावणीला बांधले आहेत. आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या सांध्यांच्या अस्तरावर उलटते. तो तिशी-चाळिशीतही गाठतो, पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन ते तीन पट अधिक होतो आणि सांध्यांपुरता मुळीच राहत नाही. वर्षानुवर्षे धुमसणारा दाह रक्तवाहिन्यांनाही इजा करतो, त्यामुळे या रुग्णांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट असतो. त्यातच स्नायू झडतात, अनेकींचे रक्त कमी होते, काहींच्या फुप्फुसांनाही आजार शिवतो. अशा शरीराला बसवून ठेवले, तर हृदय आणि फुप्फुसांची उरलीसुरली ताकदही जाते. इतक्या मोठ्या लेखात हृदयाचा उल्लेख एकदाही नसावा, याचे मला फार वाईट वाटले.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमवात झाल्यावर मला घरच्यांनी, शेजारणींनी आणि ज्या दवाखान्यात उपचार चालू होते तेथेही विश्रांतीच सांगितली. सूनबाई हातातली कळशी काढून घ्यायची, बाजारहाट मुलगा करायचा. आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्यांनी सूज उतरली, रक्ताचे अहवाल सुधारले, सकाळी दुधाची पिशवी मी पुन्हा स्वतः फाडू लागले; पण खानापूरला माहेरी जाताना स्टेशनवरच्या पादचारी पुलाचा जिना काही चढवेना. अर्ध्यावर कठडा धरून उभी राहायची आणि मागून येणारी माणसे खोळंबायची. दवाखान्यात विचारले, तर सांधे छान आहेत, आता वय झाले, दम लागायचाच, असे उत्तर मिळाले. छातीचे ठोके ऐकण्यापलीकडे त्या दमाची कोणी दखल घेतली नाही.

दखल घेतली ती एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीने. तिने लांब व्हरांड्यात तीस मीटर अंतरावर दोन खुर्च्या ठेवल्या, बोटाला प्राणवायू मोजणारी चिमटी लावली आणि सहा मिनिटांत जेवढे चालवेल तेवढे चालायला सांगितले. थांबलात तरी चालेल, घड्याळ मात्र थांबणार नाही, असे म्हणाली. मला मध्येच भिंतीला टेकावे लागले. गुडघे तेव्हा दुखत नव्हते, श्वासच पुरत नव्हता. या तपासणीला घड्याळ आणि मोकळी जागा यांहून फारसे काही लागत नाही, तरीही तोवर कोणालाही ती सुचली नव्हती, याची चीड मला आजही येते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने तर 2016 सालीच हृदय व फुप्फुसांची ही क्षमता नाडी आणि रक्तदाबाप्रमाणेच नेमाने तपासावी, अशी भूमिका मांडली आहे.

त्या मुलीने मला सपाट रस्त्यावर दहा मिनिटांपासून सुरुवात करायला लावली. वेग असा, की बोलता यावे पण गाता येऊ नये. सकाळचा ताठरपणा उतरल्यावरच चालायचे; व्यायामानंतर दोन तासांहून अधिक वेळ दुखणे वाढलेले राहिले, तर पुढच्या वेळी थोडे कमी करायचे, पण सोडायचे नाही. आपल्याकडे पाऊस एकदा लागला की महिनोन् महिने बाहेर फिरता येत नाही, म्हणून तिने जागीच फिरवायची सायकल सुचवली. बोटांची पकड कमी पडते म्हणून तिच्या दांड्याला मी जुना टॉवेल गुंडाळून घेतला आहे. आज मी तो जिना न थांबता चढते.

व्यायामाने सांधे अधिक बिघडतील, ही लेखातील भीती तपासली गेलेली आहे. नेदरलँड्समध्ये सुमारे 300 आमवाताच्या रुग्णांवर दोन वर्षे चाललेल्या अभ्यासात निम्म्यांना आठवड्यातून दोनदा सव्वा-सव्वा तास चांगला दमवणारा व्यायाम दिला गेला. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांची कामे करण्याची क्षमता वाढली आणि एकूण पाहता मोठ्या सांध्यांची हानी वाढली नाही. ज्यांचे मोठे सांधे आधीच फार बिघडले आहेत, त्यांनी मात्र भार जपून घ्यावा, असा इशाराही त्यातून मिळाला. युरोपीय संधिवात-तज्ज्ञांच्या संघटनेने 2018 साली शारीरिक हालचाल हा उपचारांचाच भाग मानावा, असे सांगितले आणि आठवड्याला किमान 150 मिनिटांच्या मध्यम व्यायामाचा सर्वसाधारण निकष या रुग्णांनाही लागू केला. छातीत दुखत असेल किंवा सांधे भडकलेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे, हे अर्थातच आले.

आणखी एक गोष्ट याच ओघात लिहिते. दवाखान्यांत व्यायामाची जी माहितीपत्रके हाती पडतात, ती कन्नड किंवा इंग्रजीत असतात. खानापूर तालुक्यातल्या माझ्या भावजयीला कन्नड बोललेले समजते, वाचता येत नाही. तिने ते पत्रक घडी घालून डब्यात ठेवून दिले आहे. सीमाभागातील मराठी बायकांनी स्वतःच्या दुखण्यावरचे कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावेत, हे योग्य नाही.

तेव्हा आपण एखाद्या संधिवात-तज्ज्ञाकडून आणि फिजिओथेरपिस्टकडून या विषयावर नवा लेख लिहून घ्यावा आणि तो त्याच पुरवणीत, त्याच जागी, तेवढ्याच ठळक मथळ्याने छापावा, ही कळकळीची विनंती.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
वडगाव, बेळगाव