पाचव्या अंकातला धुरा

नागपूर, 27 मे

प्रिय दिल्या,

फोन उचलत नाही म्हणून वहिनी रागावली असेल, रागावू दे. आमची तब्येत ठीक, आईची शुगर जिथल्या तिथे.

हिंगणघाटच्या वावराची मोजणी झाली. हे दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही. बाबा आणि काकाची धुऱ्यावरची, दोन वावरांमधल्या त्या बांधावरची भांडणं हुरडा खाता खाता तूच ऐकली आहेस. आणि ‘सर, दिसतच नाहीत तर या अक्षांश-रेखांशाच्या रेषा काढता कशाला?’ म्हणून वर्गाबाहेर उभा राहिलेलाही तूच.

मोजणीवाला पोट्टा रोव्हर घेऊन आला. साखळी नाही, काही नाही. एक काठी, वर उपग्रहांचे सिग्नल पकडणारी तबकडी. कोपऱ्यावर उभा राहिला की पडद्यावर अक्षांश-रेखांश, पुढे दशांशांची ही लांब रांग. अक्षांशाचा एक अंश म्हणजे 111 किलोमीटर, पण पाचव्या दशांश स्थळी उरतो जेमतेम 1 मीटर. दोन पिढ्यांचं भांडण त्या पाचव्या अंकात होतं बे! रेखांशाचा अंश तर आपल्याकडे 104 किलोमीटरच भरतो. ध्रुवाकडे जाता जाता त्या रेषा एकमेकींना भेटतात. भाऊबंदकीत तेवढी सोय नाही.

काल शून्य सावली होती, सूर्य बरोबर डोक्यावर, 12 वाजून दहाएक मिनिटांनी. ‘ठोक्याला बारा’ म्हणणारा तू! घड्याळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी रेखांशाचं आणि सूर्य आपल्या 79 चा, हे किती वेळा सांगू? पैजेचे तर्री-पोहे बाकी आहेत.

तर निकाल आमच्या बाजूनं लागला. तीच काळजी आहे. नवी रेघ काकाच्या परसूच्या विहिरीच्या कठड्यावरून गेली. दादा सिमेंटचे खांब आणून राहिला. परसू भांडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, ‘पऱ्हाटीला पाणी कुठून देऊ?’ दादा गप्प, मीही गप्प.

त्या विहिरीच्या सुरुंगाचे अर्धे पैसे बाबांनी दिले होते. काकाशी बोलणं बंद असताना, तुझ्या हातून. दादाला मी सांगितलं, तर म्हणतो कागद दाखव. रोव्हरला कठडा कळतो, तो कोणाच्या पैशानं बांधला ते कसं कळणार?

लॅम्बटनची कबर आठवते? 1802 पासून मद्रासहून 78 रेखांशाच्या आसपासनं पृथ्वीची कमान मोजत निघालेला माणूस, 1823 मध्ये नागपूरकडे येता येता हिंगणघाटलाच गेला. ‘मोजता मोजताच गेला बे,’ तू म्हणाला होतास आणि मी चिडलो होतो. आता दादाकडे पाहिलं की तेच तोंडावर येतं.

पोरीचं लग्न ठरलं का? गुडघा कसा आहे? कळव.

मृगाच्या आत ये. दादा तुझं ऐकतो, आणि पैसे तुझ्या हातून गेले हे तूच त्याला सांगू शकतोस. खांब अजून अंगणातच पडले आहेत.

तुझा,
विन्या