जुन्या सात सीटरचा इतिहास जाहिरातीतच छापा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात जुन्या गाड्यांच्या छोट्या जाहिराती येतात. ‘सात सीटर, फर्स्ट ओनर, एमएच १३ पासिंग, फक्त घरगुती वापर.’ एवढ्या एका ओळीवर विश्वास ठेवून सोलापुरातली कितीतरी घरे साठवलेला पैसा आणि वर कर्ज अशी रक्कम उभी करतात. या जाहिरातींत आणखी दोन ओळी सक्तीने घ्याव्यात, एवढी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये इंजिनकामावर होतो. निवृत्त झाल्यापासून गल्लीतले आणि नात्यातले लोक गाडी बघायला मला सोबत नेतात. आमच्या पूर्व भागात एकत्र कुटुंबे अजून आहेत. टॉवेलच्या कारखान्यात कामाला असलेले दोघे भाऊ, त्यांच्या बायका, आई, मुले. अक्कलकोटची वारी, नवरात्रात तुळजापूर, लग्नाला तेलंगणात जाणे, सगळे मिळूनच. लहान गाडीत हे घर मावत नाही आणि नवी इनोव्हा परवडत नाही. मग जुनी इनोव्हा, अर्टिगा, झायलो, तवेरा असा शोध सुरू होतो. (तवेराच्या कंपनीने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली, झायलोही बंद झाली. तेव्हा या दोन्हींचा विचार करणाऱ्यांनी आधी आपल्या मिस्त्रीला पार्ट मिळतात का ते विचारून घ्यावे.)

टाटांनी १९९२ मध्ये ‘इस्टेट’ आणि २००४ मध्ये ‘इंडिगो मरिना’ काढली होती. पाच माणसे ऐसपैस आणि मागे लांबलचक डिकी. मला त्या गाड्या मनापासून आवडायच्या, पण आपल्याकडे असल्या गाड्यांचा जम कधी बसला नाही. आपल्याला माणसांची जागा आधी लागते. त्याची किंमत अशी की सात सीटरमध्ये सगळे बसले की डिकी जवळजवळ उरत नाही, आणि बॅगा टपावर चढतात. अर्टिगाला सीएनजी असेल तर टाकी मागेच, म्हणजे जागा आणखी कमी. या टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, व्हावी लागते. त्याचा दाखला मागा, आणि किट बाहेरून बसवलेले असेल तर त्याची नोंद आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) आहे का ते बघा.

आता मुख्य मुद्दा. सात सीटर गाडी घरासाठी जशी घेतली जाते तशी धंद्यासाठीही घेतली जाते. पुढे परमिट परत करून, कराचा फरक भरून पिवळ्या पाटीची, म्हणजे भाड्याची, गाडी पांढऱ्या, म्हणजे खासगी, पाटीवर आणता येते. हे कायदेशीर आहे, त्यात काही गैर नाही. स्वतःच्या मालकीची गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरने वेळच्या वेळी ऑइल बदलून ठणठणीत ठेवलेल्या टूरच्या गाड्या मी पाहिल्या आहेत. गैर आहे ते पुढचे. मीटर मागे घ्यायचे, सीट कव्हर नवे घालायचे, आणि ‘साहेबांची घरची गाडी’ म्हणून विकायची. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने अशीच पांढऱ्या पाटीची गाडी घेतली. मीटरवर किलोमीटर कमी, पण क्लचच्या पॅडलचे रबर गुळगुळीत झालेले आणि मधल्या सीटच्या रुळात खेळ आलेला. खरे काय ते मागच्या वर्षांच्या विमा पॉलिसी मागवल्यावर कळले. त्या प्रवासी वाहतुकीच्या होत्या. तोवर पैसे देऊन झाले होते. म्हणून सांगतो, चालू पॉलिसीवर थांबू नका, जुन्याही मागा. कंपनीच्या वर्कशॉपमधला सर्व्हिसिंगचा इतिहासही मागा. त्यात प्रत्येक वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात.

दुसरी काळजी पाण्याची. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला, माढा-मोहोळपासून खाली कितीतरी गावांत पाणी शिरले, लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला. त्याआधी २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा महापूर आणि ऑक्टोबर २०२० मधला हैदराबादचा पूर. अशा पुरात बुडालेल्या सगळ्याच गाड्या भंगारात जात नाहीत. धुऊन, पॉलिश करून काही पुन्हा विक्रीला उभ्या राहतात, आणि सोलापूर तर या सगळ्या रस्त्यांच्या मध्यावर आहे. पाण्यात गेलेले इंजिन उघडून नीट करता येते. वायरिंगचे तसे नाही. वायरी जोडणाऱ्या कपलरमध्ये ओल राहते, पितळी पिना हिरवट होतात आणि वर्षभराने भर रस्त्यात गाडी बंद पडते. एअरबॅगचे सेन्सरही त्याच वायरिंगवर असतात. बघायचे कसे? प्रत्येक सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर गाळाची रेघ असेल तर ती कोणत्याही पॉलिशने जात नाही. सीटच्या बोल्टांचा गंज बघा, कार्पेट उचलून हात फिरवा. विकणारा कार्पेट उचलू देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

ट्रायल होटगी रोडवर चक्कर मारून होत नाही. सकाळी इंजिन थंड असताना जा, आधी कोणी चालू करून ठेवले नाही ना ते बॉनेटवर हात ठेवून पाहा. मग घरातली सगळी माणसे बसवून, एसी लावून तुळजापूरचा घाट चढा. क्लच घसरतो का, काळा धूर येतो का, तापमानाचा काटा वर सरकतो का, हे तिथे कळते. आजीला तिसऱ्या ओळीत चढता-उतरता येते का आणि मागच्या एसीची हवा तिथवर पोचते का, तेही त्याच फेरीत बघून घ्या. मे महिन्यात पारा ४२-४३ च्या वर जातो तेव्हा मागे बसलेल्या लेकरांचे हाल होतात. आडव्या बाकांच्या जुन्या सुमो-बोलेरोत मुलांना मागे बसवू नका, असे मी हात जोडून सांगतो. चालकाची एअरबॅग आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या बेसिक मॉडेलमध्ये ती नसण्याचीच शक्यता जास्त. दहा-वीस हजार जास्त पडले तरी चालतील, पण एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी सोय) असलेली गाडी घ्या.

कागदांचे थोडक्यात. टीटी फॉर्म म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे, २९ आणि ३० नंबरचे. ते कोरे सह्या करून देऊ नका आणि घेऊही नका. कर्ज फिटले असेल तर फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवलेला हवा. विजापूर किंवा कलबुर्गीकडची गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), आणि आपल्या राज्याचा कर वेगळा धरा. गाडी घेतल्यावर ३० दिवसांत नाव बदलायला अर्ज करावा लागतो, आणि विमा आपल्या नावावर करायला फक्त १४ दिवस असतात. विकणाऱ्यानेही निष्काळजी राहू नये. नोंदीत ज्याचे नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्यावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या विक्रेत्याला आरटीओकडून अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावे लागते. गाडी ताब्यात आल्याचे त्याने सरकारी पोर्टलवर कळवायचे असते, आणि तेव्हापासून त्या गाडीची जबाबदारी त्याची. हा चांगला नियम आहे. पण माझ्यासोबत गाडी बघायला येणाऱ्यांना तो माहीतच नसतो, त्यामुळे प्रमाणपत्र दाखवा असे ते म्हणत नाहीत. आरटीओने अशा विक्रेत्यांची यादी मराठीत, मोठ्या अक्षरांत कार्यालयाच्या दारात लावावी आणि आपण ती महिन्यातून एकदा छापावी.

आणि आपल्याकडे मागणी ही. सात सीटर गाडीची जाहिरात घेताना दोन गोष्टी लिहून घ्या. गाडी आधी टुरिस्ट परमिटवर होती का, आणि ती कधी पाण्यात गेली होती का. धंदा करणारा विक्रेता असेल तर त्याचा प्रमाणपत्र क्रमांकही. जो हे लिहून देणार नाही, त्याची जाहिरात घेऊ नका. त्यात दैनिकाचे थोडे उत्पन्न बुडेल, हे मी जाणतो. तरीही पुढच्या लग्नसराईच्या आधी आपण हे सुरू करावे, अशी कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त एसटी मेकॅनिक
अशोक चौक परिसर, सोलापूर