सायबर हल्ल्याची रंगीत तालीम सहकारी बँकांनी घ्यावी

संपादक महोदय,

नागरी सहकारी बँकांच्या वार्षिक सभांमध्ये लाभांशावर तासन्‌तास चर्चा होते. परंतु बँकेच्या संगणक यंत्रणेवर हल्ला झाल्यास पहिल्या तासात कोणी काय करायचे, हे सहसा कोणी विचारत नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ रोजी, म्हणजे शनिवारी, हल्ला झाला आणि बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. सोमवारी, १३ ऑगस्टला, बँकांमधील आंतरराष्ट्रीय व्यवहारांचे संदेश पाठवणाऱ्या ‘स्विफ्ट’ प्रणालीतून आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगला वळवण्यात आले. एकूण फटका ९४ कोटींचा होता. या दोन घावांच्या मधला दिवस रविवारचा होता, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो.

सुट्टीच्या दिवशी एटीएम स्विच (एटीएमचे व्यवहार बँकेच्या यंत्रणेशी जोडणारी प्रणाली) बंद करण्याचा अधिकार कोणाला आणि मुख्य कार्यकारी अधिकारी परगावी असल्यास कोणाला, हे संचालक मंडळाच्या ठरावात नावानिशी नमूद असले पाहिजे. ई-मेल बंद पडेल हे गृहीत धरून महत्त्वाचे दूरध्वनी क्रमांक कागदावर छापून ठेवावेत. घाईघाईने सर्व्हर फॉरमॅट करून ‘सिस्टीम सुरू’ करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण त्यात हल्लेखोराचा मागच पुसला जातो. एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवणे आणि १८० दिवसांचे लॉग (संगणकावरील हालचालींच्या नोंदी) जपणे बंधनकारक आहे; पण ज्यांनी लॉग कधी उघडूनही पाहिले नाहीत, त्यांना हे ६ तास पुरणार नाहीत.

धोका स्वतःच्याच दारातून येतो असेही नाही. जुलै २०२४ मध्ये सी-एज या तंत्रज्ञान पुरवठादारावर रॅन्समवेअर (माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणारा) हल्ला झाला, तेव्हा खबरदारी म्हणून देशाच्या पेमेंट यंत्रणेशी असलेली त्याची जोडणी तोडण्यात आली आणि सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे ऑनलाइन व्यवहार ठप्प झाले. अशा वेळी काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने ग्राहकाला नेमके काय सांगायचे, याचा मजकूरही तयार हवा.

ही सारी तयारी फाइलमध्ये ठेवून भागत नाही. वर्षातून किमान दोनदा, त्यांपैकी एकदा सुट्टीच्या दिवशी, तालीम घ्यावी आणि बॅकअपमधून माहिती प्रत्यक्ष परत मिळवून पाहावी. शेवटची तालीम कधी झाली व तीत कोणत्या उणिवा आढळल्या, याची माहिती येत्या सर्वसाधारण सभेत सभासदांनी अध्यक्षांकडे मागावी, अशी विनंती आहे.

— एक सभासद, नागरी सहकारी बँक, सांगली